विशेषज्ञ घडण्याची लांबलचक वाट

नागपूर / प्रतिनिधी

नागपूरच्या 'मेडिकल' आणि 'मेयो' या शासकीय रुग्णालयांवर विदर्भाबरोबरच लगतच्या मध्य प्रदेश, छत्तीसगड व तेलंगणातील रुग्णांचीही भिस्त आहे. 'मेडिकल'ची स्थापना १९४७ मधील. 'मेयो'त महाविद्यालय सुरू झाले १९६८ मध्ये. २०१८ मध्ये 'एम्स'ची पहिली तुकडी दाखल झाली. महाविद्यालये वाढली, जागा वाढल्या. मात्र विशेषज्ञ त्याच वेगाने घडत नाहीत.

साडेअकरा वर्षांचा पल्ला

एमबीबीएसची साडेचार वर्षे, आंतरवासितेचे एक वर्ष, एमडी अथवा एमएसची तीन वर्षे आणि हृदयरोग, मेंदूविकार यांसारख्या अतिविशेषोपचार शाखांसाठी डीएम किंवा एमसीएचची आणखी तीन वर्षे. एकही खंड न पडल्यास हा पल्ला साडेअकरा वर्षांचा होतो. प्रत्यक्षात प्रत्येक टप्प्यावर 'नीट'चा उंबरठा असतो आणि मनाजोगती शाखा मिळावी म्हणून अनेकजण ती पुन्हा देतात. शासकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांवर शासकीय सेवेच्या बंधपत्राचीही जबाबदारी असते.

रिकाम्या जागांचे कोडे

क्ष-किरणशास्त्र, त्वचारोग या शाखांच्या जागा प्रथम भरतात. शरीररचनाशास्त्र, जीवरसायनशास्त्र यांच्या रिकाम्या राहतात. २०२३ मध्ये पदव्युत्तर 'नीट'ची पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणण्यात आली. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचे अध्यापक मात्र याच दुर्लक्षित शाखांतून यावे लागतात.

निवासी डॉक्टरांवरील भार

केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग १२ तास व आठवड्याला ४८ तास अशी कामाची मर्यादा सांगितली आहे. ती कागदावरच राहिली. वाढते काम, विद्यावेतन, वसतिगृहे आणि सुरक्षितता या प्रश्नांवर 'मार्ड'ने वेळोवेळी आंदोलने केली. दिवसरात्र वॉर्ड सांभाळणाऱ्याला अध्ययनासाठी वेळ कुठून मिळणार, हा मूळ प्रश्न आहे.

अध्यापक कोठून आणणार?

चंद्रपूर व गोंदियापाठोपाठ २०२४ मध्ये अमरावती, बुलढाणा, वाशीम, भंडारा आणि गडचिरोली येथे शासकीय महाविद्यालयांची भर पडली. इमारत आणि यंत्रे निधीतून उभी राहतात; शस्त्रक्रियेचा हात ज्येष्ठाच्या शेजारी वर्षानुवर्षे उभे राहूनच तयार होतो. विभागातील पदव्युत्तर जागाही तेथील अध्यापकांच्या संख्येवर ठरतात. त्यामुळे जुन्या महाविद्यालयातून अनुभवी अध्यापक हलविल्यास नव्याची सोय होते, पण जुन्याची प्रशिक्षणक्षमता घटते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयांत पाठविण्याच्या कार्यक्रमाने काही दिलासा मिळतो. मात्र कायमस्वरूपी अध्यापकभरती झाल्याशिवाय गडचिरोलीच्या रुग्णाचा नागपूरचा फेरा चुकणार नाही.