अचाट वीरांचे चित्रपट आणि नवी कल्पना

वाचकहो, हल्ली जत्रेच्या बाजारात मुलांचे कपडे मांडलेले असतात, तिकडे जरा लक्ष द्या. सदऱ्यावर कोळ्याचे जाळे, दप्तरावर वटवाघूळ, टोपीवर लोखंडी मुखवटा. मुलाला इंग्रजीचे एक वाक्य धड बोलता येत नसेल, पण स्पायडरमॅन, बॅटमॅन आणि आयर्नमॅन यांना ते नावानिशी ओळखते. ही सारी मंडळी अमेरिकेतली. आणि त्या देशात गेली कित्येक वर्षे एक वाद रंगला आहे. अचाट शक्तीच्या या वीरांवर, म्हणजे सुपरहीरोंवर, एकामागून एक खर्चिक चित्रपट निघत राहिले. त्यामुळे चित्रपटातली नवी कल्पना मरत चालली आहे काय? २०१९ साली मार्टिन स्कोर्सेसी या नामवंत दिग्दर्शकाने सांगून टाकले, की हा सिनेमाच नव्हे. याची जात करमणुकीच्या बागेतल्या खेळांची. आपल्या भाषेत बोलायचे तर जत्रेतला पाळणा! झाले, मोठी खळबळ उडाली.

कोणत्याही वादाचा निवाडा करण्यापूर्वी त्याची वंशावळ पाहावी, हे बरे. तेव्हा आपण थोडे मागे जाऊ.

ओहायो राज्यातले क्लीव्हलँड शहर. तिथे जेरी सीगल आणि जो शुस्टर हे दोन शाळासोबती होते. एक लिहायचा, दुसरा चित्रे काढायचा. १९३३ साली त्यांनी स्वतः सायक्लोस्टाइल करून काढलेल्या लहानशा मासिकात सुपरमॅन या नावाची पहिली गोष्ट आली. आणि गंमत अशी, की त्या गोष्टीतला सुपरमॅन वीर नव्हता, दुष्ट होता! पुढे त्यांनी त्याला सज्जन केले, अंगरखा चढवला आणि चित्रकथा तयार करून ती वर्तमानपत्रांना दाखवायला सुरुवात केली. कोणी घेईना. वर्षे गेली. अखेर १९३८ साली एका चित्रमासिकाच्या पहिल्या अंकात ती छापली गेली. मोबदला किती? सर्व हक्कांसह १३० डॉलर. प्रकाशकाने त्यावर कोट्यवधी मिळवले. जन्मदाते मात्र कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. १९७५ साली, सुपरमॅनचा मोठा चित्रपट निघायच्या बेतात असताना, बराच बोभाटा झाला. तेव्हा कुठे प्रत्येकाला वर्षाला २० हजार डॉलरचे वर्षासन लागू झाले.

ध्यानात घ्या, आज ज्या वीरावर नवी कल्पना मारल्याचा आरोप आहे, तो स्वतःच एके काळी कोणाला नको असलेली नवी कल्पना होता.

सुपरमॅनचा तो चित्रपट १९७८ साली आला, बॅटमॅनचा १९८९ साली. दोन्ही उत्तम चालले. पण तेवढ्याने काही लाट आली नाही. स्पायडरमॅनची मालक असलेली मार्व्हल कंपनी तर १९९६ साली दिवाळखोरीत निघाली होती. २००२ साली स्पायडरमॅनचा चित्रपट तुफान चालला, पण तो काढला दुसऱ्याच कंपनीने. मग २००५ साली मार्व्हलने आपल्याच काही वीरांचे चित्रपटहक्क तारण ठेवून ५२ कोटी ५० लाख डॉलरच्या कर्जाची सोय केली आणि स्वतःच चित्रपट काढायचे ठरवले. जमीन गहाण टाकून विहीर खणण्यासारखाच हा प्रकार! २००८ साली 'आयर्नमॅन' आला आणि विहिरीला पाणी लागले. २००९ साली डिस्नेने ही कंपनी सुमारे ४०० कोटी डॉलरला घेण्याचा करार केला. २०१९ साली 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' या एका चित्रपटाने जगभरात सुमारे २८० कोटी डॉलरचा धंदा केला.

आता बिघाड कुठे झाला, तो पाहा. एकेका चित्रपटाला वीस-वीस कोटी डॉलर ओतायचे, जाहिरातीचा खर्च वेगळा. एवढे भांडवल गुंतले, की निर्मात्याची छाती धडधडू लागते. मग तो लोकांच्या ओळखीचाच चेहरा आणि खपलेलीच गोष्ट घेतो, आणि शेवटही असा ठेवतो, की पुढचा भाग काढता यावा. 'एंडगेम' अमेरिकेत आणि कॅनडात एकाच वेळी साडेचार हजारांहून अधिक चित्रपटगृहांत लागला. अशा आठवड्यात मध्यम खर्चाच्या, साध्या माणसांच्या गोष्टीला पडदा मिळायचा कुठून? साऱ्या शिवारात ऊस लावला, तर ज्वारीला आणि तुरीला पाणी उरत नाही. दोष उसाचा नव्हे, पाण्याच्या वाटपाचा आहे. माझे म्हणणे एवढेच आहे.

कारण ओळखीची कथा ही काही नवेपणाची वैरीण नव्हे. हरिश्चंद्राचे आख्यान सर्वांना पाठ असते, तरी चांगला कीर्तनकार उभा राहिला, की देऊळ भरते. तसेच इथेही. २०१८ साली स्पायडरमॅनवरच एक चलच्चित्रपट निघाला. चित्रकथेचे छापील पान जिवंत होऊन पळत सुटावे, अशी त्याची रीत. त्याला ऑस्कर मिळाले. उलट, मोठ्या भांडवलाच्या या गर्दीतही २०१७ साली 'गेट आउट' हा अवघ्या ४५ लाख डॉलरचा चित्रपट निघाला आणि स्वतंत्र पटकथेचे ऑस्कर घेऊन गेला. म्हणजे नवी कल्पना मेलेली नाही. तिला वाट अरुंद झाली आहे.

आणि अशी लाट काही पहिलीच नव्हे. घोडेस्वार आणि पिस्तुले यांच्या चित्रपटांनी तिथे कित्येक दशके राज्य केले. १९६५ साली 'द साउंड ऑफ म्युझिक' हा संगीतपट अफाट चालला. मग जो तो त्याची नक्कल करू लागला. १९६७ चा 'डॉक्टर डूलिटल' आणि १९६९ चा 'हॅलो, डॉली!' या डोईजड खर्चाच्या चित्रपटांनी निर्मात्यांना ठोकर दिली. त्याच १९६९ साली 'ईझी रायडर' हा चार लाख डॉलरच्या आसपास बनलेला चित्रपट भरघोस चालला आणि तरुण दिग्दर्शकांसाठी दारे उघडली. त्या दारातून जे आत आले, त्यांतच एक स्कोर्सेसी होते! २०२३ साली 'द मार्व्हल्स' सपशेल आपटला. प्रेक्षक कंटाळतो, तेव्हा नक्कल महाग पडते.

परंतु आपोआप दारे उघडतील म्हणून स्वस्थ बसणे बरोबर नाही. शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांच्या सदऱ्यावरचा वीर पुसू नका. त्याला नावे ठेवूनही काही साधायचे नाही. शाळेच्या हस्तलिखितात मात्र एक पान कोरे ठेवा आणि सांगा, 'तुझा स्वतःचा वीर काढ बरं. तो कुठल्या गावचा, त्याला काय येतं, आणि कशाला तो भितो?' शंभरांतली नव्वद चित्रे नक्कल निघतील. निघू देत. उरलेली दहा नीट जपा, आणि ज्याचे चित्र त्याचे नाव खाली ठळक लिहा. क्लीव्हलँडच्या दोन मुलांना आपले काढून टाकलेले नाव परत मिळण्यासाठी १९७५ सालापर्यंत थांबावे लागले होते.