तीन नद्यांमधल्या सायकलवाटा : धरणगाव परिसर

डोंगरी सायकल, अर्थात माउंटन बाईक, घेऊन भटकंतीला निघायचे म्हटले की पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींना कोकणचा किनारा किंवा सह्याद्रीचे घाट आठवतात. खानदेशाचे नाव या यादीत सहसा येत नाही. कडक ऊन, कापसाची काळी शेते आणि सपाट मुलूख एवढीच या भागाची ओळख बाहेर पोहोचलेली आहे. प्रत्यक्षात जळगाव जिल्ह्यातील धरणगाव हे गाव मध्यवर्ती मुक्काम मानले, तर दोन ते चार दिवसांच्या सायकल भ्रमंतीसाठी येथे नदीकाठ, घळी, टेकड्या, जंगल आणि इतिहास हे सारे एका दिवसाच्या टप्प्यात येते.

नकाशा समोर ठेवला की याचे कारण ध्यानात येते. धरणगावच्या पूर्वेस गिरणा, उत्तरेस तापी आणि पश्चिमेस अमळनेरजवळून वाहणारी बोरी अशा तीन बाजूंनी नद्या आहेत. गिरणा व बोरी दोन्ही अखेर तापीलाच मिळतात. तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या भूभागास भूगोलात द्वीपकल्प म्हणतात. समुद्र येथून फार दूर असला, तरी नद्यांनी वेढलेला हा टापू त्याच धाटणीचा आहे. दक्षिणेकडे एरंडोलच्या पलीकडे पद्मालयाच्या टेकड्या आहेत, तर तापी ओलांडून उत्तरेस गेल्यावर सातपुड्याची भिंत उभी राहते.

गावाची ओळख

धरणगाव हे जुने बाजारपेठेचे गाव. कापड आणि कापूस यांच्या व्यापारामुळे इंग्रजांनी १६७४ साली येथे वखार काढली होती. पुढच्याच वर्षी मराठ्यांच्या फौजांनी ही पेठ लुटली. इंग्रजी अमलात १८२५ साली लेफ्टनंट (पुढे सर) जेम्स औट्रम याने खानदेश भिल्ल पलटणीची उभारणी केली, तिचे ठाणे धरणगावीच होते. सातपुडा व सातमाळ्यातील भिल्लांनी कंपनी सरकारला सळो की पळो करून सोडले होते. त्यांच्याशी लढत बसण्याऐवजी त्यांनाच पलटणीत घेण्याचे धोरण सरकारने स्वीकारले, त्याची सुरुवात या गावातून झाली.

मराठी वाचकाला मात्र हे गाव जवळचे वाटते ते आणखी एका कारणाने. निसर्गकवी म्हणून ओळखले जाणारे बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगाव येथे झाला. १९०७ साली जळगावात भरलेल्या पहिल्या महाराष्ट्र कविसंमेलनात त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली आणि ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकात रेल्वे अपघातात त्यांचे निधन झाले. श्रावणाच्या आसपास धरणगावच्या शिवारातून सायकल हाकणाऱ्यास ऊन-पावसाचा खेळ, हिरवी कुरणे आणि भरून वाहणारे नाले यांचा मूळ पत्ता सापडल्यासारखे वाटले तर नवल नाही.

पहिली वाट : एरंडोल व पद्मालय

पहिल्या दिवशी पाय मोकळे करण्यासाठी हा मार्ग उत्तम. धरणगावहून दक्षिणेस एरंडोल साधारण बारा-तेरा किलोमीटर आहे आणि तेथून पद्मालय आणखी दहा किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर अंतर होते. एरंडोलपर्यंतचा रस्ता डांबरी आणि जवळजवळ सपाट आहे. पुढे रस्ता टेकड्यांत शिरतो, लहान लहान चढ सुरू होतात आणि खऱ्या अर्थाने गिअर बदलण्याची वेळ येते.

पद्मालय हे गणेशाच्या पीठांपैकी एक मानले जाते. एकाच गाभाऱ्यात उजव्या व डाव्या सोंडेच्या दोन स्वयंभू मूर्ती आहेत. मंदिरासमोर कमळांचे तळे असून त्यावरूनच स्थानाला नाव पडले. प्रांगणातील प्रचंड घंटा भाविकांच्या कुतूहलाचा विषय आहे. एरंडोल म्हणजे महाभारतातील एकचक्रानगरी आणि भीमाने बकासुराचा वध केला तो याच रानात, अशी या भागातील जनश्रुती आहे. मंदिरापासून थोड्या अंतरावर भीमकुंड दाखवतात. त्याकडे जाणारी खडकाळ पायवाट डोंगरी सायकलीच्या जाड टायरची परीक्षा घेते. संकष्टी व अंगारकीच्या दिवशी येथे मोठी गर्दी असते, ते दिवस सायकलस्वारांनी टाळावेत.

हाताशी आणखी अर्धा दिवस असेल तर एरंडोल तालुक्यातील फरकांडे येथील झुलते मनोरे पाहता येतात. एक मनोरा हलवला की दुसरा हलत असे, अशी या जोडीची ख्याती होती. जोडीतील एक मनोरा कोसळला असून उरलेल्या वास्तूची अवस्था नाजूक आहे. वर चढण्याचा मोह टाळून ती खालूनच पाहावी.

दुसरी वाट : तापी-गिरणा संगम

या परिसरातील सर्वांत आगळी वाट हीच. धरणगावहून ईशान्येस साळवे, नांदेड या गावांच्या दिशेने निघाले की पंधरा-वीस किलोमीटरमध्ये गिरणा तापीला मिळते त्या टापूत आपण येतो. (हे नांदेड धरणगाव तालुक्यातील गाव, मराठवाड्यातील शहर नव्हे.) संगमाच्या परिसरात रामेश्वराचे देवस्थान असून श्रावणात तेथे भाविकांची रीघ लागते. गिरणेच्या पलीकडच्या काठी, जळगाव तालुक्यात, कानळदा येथे कण्व ऋषींचा आश्रम होता असे मानतात.

तापीचे पात्र येथे खोल आहे आणि काठ उंच. काठच्या मऊ मातीला पावसाच्या पाण्याने शेकडो वर्षे कापत नेल्याने जागोजाग घळी तयार झाल्या आहेत. शेताच्या बांधावरून नदीकडे उतरणाऱ्या गाडवाटा या घळींतून वळणे घेत जातात. तीव्र उतार, अचानक येणारे वळण, तळाशी भुसभुशीत गाळ आणि लगेच चढ असा हा प्रकार आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात डोंगरी सायकलीचा खेळ आकाराला आला तो अशाच मातीच्या उतारांवर. शहरातील कृत्रिम मार्गांवर पैसे मोजून जे मिळते ते येथे निसर्गाने दिले आहे. मात्र या वाटा शेतकऱ्यांच्या रोजच्या वहिवाटीच्या आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत बैलगाडी समोर आली तर सायकलस्वाराने उतरून वाट द्यावी. पेरलेल्या रानातून चाक घालू नये.

येथे एक इशारा आवश्यक आहे. गिरणेचे पात्र वरून उथळ, वाळूचे आणि निरुपद्रवी दिसते. वर्षानुवर्षांच्या वाळू उपशामुळे त्यात खोल खड्डे पडले असून पाणी भरल्यावर ते दिसत नाहीत. संगमावर व नदीपात्रात पोहायला उतरलेल्यांचे बळी गेल्याच्या बातम्या जिल्ह्यात वारंवार येतात. तापीवर भुसावळजवळ हतनूर धरण आहे. पावसाळ्यात त्याचे दरवाजे उघडले की खालचे पाणी झपाट्याने चढते. म्हणून नदी काठावरूनच पाहावी आणि स्थानिकांना विचारल्याशिवाय सायकल पात्रात घालू नये. वाळूची वाहने धावतात त्या रस्त्यांवर पहाटे व सायंकाळनंतर जाऊ नये.

तिसरी वाट : बोरीकाठचे अमळनेर

पश्चिमेस अमळनेर सुमारे तीस किलोमीटर आहे. सुरत-भुसावळ लोहमार्ग याच दिशेने जातो. त्यामुळे जाताना सायकल आणि परतताना थकवा आल्यास रेल्वेचा पर्याय विचारात घेता येतो. रस्ता सपाट असल्याने नवख्यांना तो सोयीचा.

अमळनेरात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची समाधी असून वैशाखात तेथे मोठी यात्रा भरते. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने १९१६ साली येथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. भारतीय तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाचे ते देशातील एक महत्त्वाचे केंद्र ठरले. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात येथील शाळेत शिक्षक होते आणि वसतिगृहातील मुलांची माउली म्हणून त्यांची ख्याती येथेच झाली. २९ डिसेंबर १९४५ रोजी ज्या वनस्पती तेलाच्या कंपनीची येथे सुरुवात झाली, तीच पुढे विप्रो म्हणून जगाला माहीत झाली. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९५२ साली आणि पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये या गावात भरले. मंगळग्रह मंदिरात मंगळवारी दूरदूरहून भाविक येतात.

चौथी वाट : सातपुड्याचा पायथा

ही वाट दोन दिवसांची आणि सरावलेल्यांसाठी. धरणगावहून तापी ओलांडून चोपडा सुमारे तीस किलोमीटर, तेथून यावल रस्त्याने अडावद आणि मग उत्तरेस वळून उनपदेव. तापी ओलांडताच शिवार बदलते. कपाशीची जागा केळीच्या बागा घेतात आणि क्षितिजावर सातपुड्याची निळसर रांग दिसू लागते. उनपदेव येथे गोमुखातून गरम पाण्याचा झरा बारमाही वाहतो. पन्नास किलोमीटर सायकल चालवून आलेल्यास त्या पाण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. पुढे यावल तालुक्यात आडगावजवळ मनुदेवीचे स्थान असून पावसाळ्यात मंदिरासमोरच्या कड्यावरून धबधबा कोसळतो.

डोंगरात आणखी आत शिरायचे तर यावल अभयारण्याची हद्द लागते. १९६९ साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे १७७ चौरस किलोमीटरचे असून त्यात बिबट्या, अस्वल यांचा वावर आहे. वन खात्याची परवानगी घेतल्याशिवाय आत जाऊ नये आणि सूर्यास्तानंतर जंगलवाटेवर राहू नये. पावरा, भिल्ल, तडवी समाजाचे पाडे वाटेत लागतात. पाणी मागितले तर कोणी नाही म्हणत नाही. न विचारता छायाचित्रे काढणे मात्र टाळावे.

कोणती काळजी घ्याल?

ऋतू निवडणे हीच खानदेशातील सायकल भ्रमंतीची पहिली पायरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्चपासून ऊन चढते आणि मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्या दिवसांत सकाळी नऊनंतर सायकल चालवणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. पावसाळ्यात हिरवाई असली तरी काळी माती चाकाला अशी चिकटते की चाक फिरेनासे होते. जुलै-ऑगस्टमध्ये निघायचेच झाले तर डांबरी रस्त्यांवर किंवा पद्मालयाच्या मुरमाड टेकड्यांवर समाधान मानावे.

दुसरा शत्रू बाभळीचा काटा. पाणंदीच्या दोन्ही बाजूंस काटेरी झुडपे असतात आणि कुंपणाच्या फांद्या वाटेवर पडलेल्या असतात. दोन जादा ट्यूब, पंक्चरचे सामान आणि हातपंप सोबत हवाच. ट्यूबमध्ये पंक्चररोधक द्रव भरून घेतल्यास निम्मी चिंता मिटते. प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी, क्षारांची पुडी, हेल्मेट आणि मागचा लाल दिवा यांना पर्याय नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे महामार्ग. जळगाव-पाळधी-एरंडोल-धुळे हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आताचा ५३, चौपदरी झाल्यानंतर त्यावरील वेग वाढला आहे. जळगावहून धरणगावला सायकलने येण्याचा विचार असेल तर बांभोरी पुलाचा आणि पाळधीपर्यंतचा टप्पा वाहनाने किंवा रेल्वेने पार करावा. एरंडोलला महामार्ग ओलांडताना सायकलवरून उतरून चालावे. गावोगावचे जुने शिवरस्ते अजून शाबूत आहेत. दोन गावे जोडणारी अशी वाट उपलब्ध असताना महामार्गाच्या कडेने जीव मुठीत धरून जाण्यात काहीच शहाणपण नाही.

कसे जाल, काय खाल?

मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या जळगाव जंक्शनला थांबतात. तेथून धरणगाव रेल्वेने किंवा एसटीने सुमारे तीस किलोमीटर आहे. रेल्वेच्या पार्सल कार्यालयात सायकल आधी नोंदवावी व पेडल काढून ठेवावेत. मुक्कामाची चांगली सोय जळगाव व अमळनेर येथे होते, चोपड्यातही साधी लॉज आहेत.

हिवाळ्यात आलात तर काडीवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी चुकवू नये. रस्त्याकडेच्या ढाब्यांवर मिळणारी शेवभाजी चवीला झणझणीत असते. लांबचा टप्पा बाकी असेल तर ती परतीच्या जेवणासाठी राखून ठेवावी.