वृत्तांकन आणि नेत्याची जनप्रतिमा

बातम्यांची निवड, मांडणी आणि पाठपुरावा यांतून राजकीय नेत्याविषयी लोकमत घडण्याची प्रक्रिया. बहुसंख्य नागरिकांचा नेत्याशी थेट संबंध येत नाही. त्याचा कारभार त्यांना कळतो तो मुख्यतः बातम्यांतून.

सिद्धांत : मॅक्सवेल मॅकोम्ब्स व डोनाल्ड शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत चॅपेल हिल येथील, मत पक्के न झालेल्या १०० मतदारांच्या मुलाखती घेतल्या. माध्यमांनी ज्या प्रश्नांना ठळक जागा दिली, तेच मतदारांनाही महत्त्वाचे वाटत होते. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून ‘अजेंडा सेटिंग’ ही संकल्पना रूढ झाली. शांतो अय्यंगार व डोनाल्ड किंडर यांच्या प्रयोगांनी (१९८७) त्यापुढचा टप्पा दाखवला : ज्या प्रश्नाच्या बातम्या वारंवार समोर येतात, त्याच कसोटीवर प्रेक्षक नेत्याला जोखू लागतात. यास ‘प्रायमिंग’ म्हणतात.

महाराष्ट्रातील उदाहरण : बॅ. अ. र. अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. संजय गांधी निराधार योजना, सिंधुदुर्ग व जालना जिल्ह्यांची निर्मिती यांमुळे धडाडीचा प्रशासक अशी त्यांची ख्याती होती. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा वृत्तांत आला. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. बिल्डरांना मंजूर झालेले सिमेंट आणि अंतुले यांनी स्थापन केलेल्या ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ला या बिल्डरांनी दिलेल्या देणग्या यांचा मेळ वृत्तपत्राने वाचकांपुढे मांडला. पाठपुरावा सुरू राहिला, तशी धडाडीची चर्चा मागे पडून सचोटीचा प्रश्न पुढे आला. १२ जानेवारी १९८२ रोजी याच प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयात न्या. बख्तावर लेंटिन यांचा निकाल विरोधात गेल्यावर अंतुले यांनी राजीनामा दिला.

मर्यादा : या राजीनाम्यानंतरही १९८९ व १९९१ मध्ये कुलाबा मतदारसंघाने अंतुले यांना लोकसभेवर निवडून दिले. नेत्याच्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव, पक्षनिष्ठा आणि स्थानिक आपुलकी असते, तिथे बातमीचा प्रभाव मर्यादित राहू शकतो.

महत्त्व : नेत्याला कोणत्या कसोटीवर तपासायचे हे वृत्तांकन बऱ्याच अंशी ठरवते, त्यामुळे पुराव्याची जबाबदारीही वृत्तांकनावरच येते. कागदपत्रांवर उभी राहिलेली बातमी नागरिकाला सत्तेचा हिशेब मागण्याचे बळ देते; निराधार बातमी त्याचा हा हक्कच कमकुवत करते.