कडे, कात्री आणि कलम

१/ तुरुंगाची भिंत फोडणे हा गुन्हा, हे कोणालाही पटेल. पण घोट्याला बांधलेला एक पट्टा कात्रीने कापणे हा स्वतंत्र गुन्हा कसा ठरला? आजचा धागा त्या पट्ट्याविषयी.

२/ मूळ कल्पना शिक्षेची नव्हतीच. १९६०च्या दशकात हार्वर्डमधील राल्फ व रॉबर्ट श्वित्झगेबेल या जुळ्या भावांनी गुन्ह्यांकडे वळलेल्या तरुणांसाठी अंगावर बाळगायचे संदेशयंत्र तयार केले. मुलगा ठरल्या वेळी ठरल्या जागी पोहोचला की त्याला शाबासकी द्यावी, एवढाच हेतू. १९६९ साली त्याचे पेटंटही झाले.

३/ पुढचे वळण थेट चित्रकथेतून आले! १९७७ साली न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्कीचे न्यायाधीश जॅक लव्ह यांनी स्पायडरमॅनची एक कथा वाचली. तीत खलनायक किंगपिन नायकाच्या मनगटावर माग काढणारे कडे चढवतो. लव्ह यांनी मायकेल गॉस या संगणक-विक्रेत्याला तसेच यंत्र बनविण्यास राजी केले. एप्रिल १९८३ मध्ये परिवीक्षेची अट मोडणाऱ्या एका इसमाच्या घोट्यावर ते चढले. घरच्या दूरध्वनीला जोडलेली पेटी कड्याचा संदेश टिपत असे. माणूस दूर गेला की संदेश तुटे. (कायद्याचा उगम केवळ जाडजूड ग्रंथांत शोधणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.)

४/ खरी अडचण येथेच होती. भिंतीला स्वतःचे बळ असते, पट्ट्याला नसते. ते बळ त्याला कायद्याने द्यावे लागले. फ्लोरिडाचे कलम ८४३.२३ पाहा: न्यायालयाच्या आदेशाने बसविलेले यंत्र काढणे, मोडणे, बिघडवणे, त्याला चकवणे, इतकेच काय, दुसऱ्याकडून तसे करवून घेणे, हे सारे गुन्हा.

५/ मात्र त्याच कलमात ‘हेतुपुरस्सर आणि अधिकाराविना’ अशी अट आहे, आणि माझ्या मते कलमाचा प्राण तीच. बॅटरी संपली, संदेश हरवला, पट्टा कापला. नियंत्रण कक्षात तिन्ही वेळा इशाराच वाजणार. मनुष्याचा हेतू यंत्राला कळत नाही. तो न्यायालयात सिद्ध करावा लागतो, आणि त्यावर एखाद्याची काही वर्षे अवलंबून असतात.

६/ भारतात आदर्श कारागृह व सुधारसेवा अधिनियम, २०२३ने कैद्याला रजेवर सोडताना असे यंत्र घालण्याची तरतूद सुचविली. अट मोडल्यास रजा रद्द आणि पुढील रजेलाही तो अपात्र. त्याच वर्षी नोव्हेंबरात जम्मूमध्ये जामिनावरील एका आरोपीच्या पायात जीपीएसचे कडे चढले.

७/ आणि ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फ्रँक वायटस खटल्यात गूगल नकाशावरील आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला दाखवत राहण्याची जामिनाची अट रद्द केली. पोलिसांना आरोपीच्या हालचालींवर अखंड नजर ठेवता येईल अशी अट अनुच्छेद २१मधील खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, असा निर्वाळा न्या. अभय ओक व न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने दिला.