फॉर्म सबमिट होतो, ‘धन्यवाद’ येतं, पण डेटा सेव्ह होत नाही? पीएचपीमध्ये चूक अशी शोधा

वेबसाइटवरचा फॉर्म ही दिसायला सगळ्यात साधी गोष्ट. चार रकाने, एक बटण, मागे एक पीएचपी फाइल. पण नवीन डेव्हलपरचा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. आज आपण फॉर्म सबमिशन आणि व्हॅलिडेशनच्या चुका कोणत्या क्रमाने शोधायच्या ते बघू. कोडमधली नावं वाचायला सोपी जावीत म्हणून मी देवनागरीत लिहितोय, एडिटरमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

आधी माझीच चूक सांगतो

मी गारखेडा परिसरात राहतो आणि छोट्या वेबसाइट बनवून देतो. आमच्याकडे विभागीय क्रीडा संकुलाच्या आजूबाजूला क्लास, अभ्यासिका, होस्टेल भरपूर. अशाच एका अभ्यासिकेसाठी मी प्रवेशाचा फॉर्म बनवला होता. बरीच वर्षं चालला. मग आम्ही होस्टिंग बदललं आणि काही दिवसांनी कन्नड तालुक्यातली एक मुलगी वडिलांसोबत सामान घेऊन अभ्यासिकेत आली. मोबाइलमध्ये स्क्रीनशॉट होता: ‘धन्यवाद, तुमचा अर्ज मिळाला आहे.’ यादीत मात्र तिचं नाव नव्हतं आणि जागा भरल्या होत्या. वडील फक्त एवढंच म्हणाले, “तुमच्याच साइटनं लिहिलंय ना साहेब?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री यादी तपासली तेव्हा एक गंमत दिसली. बीड, जालना, परभणीची मुलं यादीत होती. आमच्या स्वतःच्या जिल्ह्याचं एकही नाव नव्हतं! कारण शेवटी सांगतो. आधी शोधायची पद्धत बघू.

पायरी १ : डेटा सर्व्हरपर्यंत पोहोचतो का?

आधी व्हॅलिडेशनच्या कोडला हात लावू नका. ब्राउझरमध्ये डेव्हलपर टूल्स उघडा, ‘नेटवर्क’ टॅबवर जा आणि फॉर्म सबमिट करा. कोणती रिक्वेस्ट गेली, मेथड कोणती होती, सोबत काय गेलं, हे तिथे दिसतं. मग पीएचपी फाइलच्या अगदी वरच्या ओळीत पोस्ट ॲरेचा व्हार-डम्प करून पुढे एक्झिट लिहा. इथे रकाना दिसत नसेल तर खालच्या कोडमध्ये कितीही शोधलं तरी काही सापडणार नाही.

डेटा न पोहोचण्याची नेहमीची कारणं ही:

• इनपुटला ‘आयडी’ दिलाय पण ‘नेम’ दिलेलं नाही. सर्व्हरकडे फक्त नेम जातं. आयडी हा सीएसएस आणि जावास्क्रिप्टसाठी.
• रकाना ‘डिसेबल्ड’ आहे. असा रकाना ब्राउझर पाठवतच नाही. फक्त बदलू द्यायचा नसेल तर ‘रीडओन्ली’ वापरा.
• चेकबॉक्सवर टिक नाही. टिक नसलेला चेकबॉक्स रिकामा जात नाही, तो जातच नाही. म्हणून आधी ‘इसेट’ने तपासा.
• फॉर्मची मेथड ‘गेट’ आहे आणि तुम्ही पोस्ट ॲरेत शोधताय.
• ॲक्शनमधला पत्ता रीडायरेक्ट होतोय. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर ३०१ किंवा ३०२ने पाठवलं, की ब्राउझर पोस्टचं गेट करतात आणि डेटा वाटेतच गळतो. ॲक्शनमध्ये शेवटचा, अचूक पत्ताच द्या.
• फॉर्ममध्ये फाइल आहे, पण एनकोडिंग ‘मल्टिपार्ट फॉर्म-डेटा’ दिलेलं नाही. अशा वेळी फाइलचं फक्त नाव जातं.
• फाइल फार मोठी आहे. पीएचपीत एका फाइलची मर्यादा मुळात २ एमबी आणि पूर्ण पोस्टची ८ एमबी असते. दुसरी मर्यादा ओलांडली की पोस्ट आणि फाइल्स हे दोन्ही ॲरे चक्क रिकामे येतात. मार्कशीटचा फोटो मोबाइलवरून थेट अपलोड होतो तिथे हे हमखास घडतं.
• जावास्क्रिप्टने जेसन पाठवलाय. जेसन पोस्ट ॲरेत येत नाही, ‘पीएचपी इनपुट’ या स्ट्रीममधून वाचावा लागतो.

पायरी २ : एरर दिसू द्या

पांढरं पान आलं की घाबरू नका. आपल्या कॉम्प्युटरवर काम करताना एरर रिपोर्टिंग ‘ई-ऑल’ ठेवा आणि डिस्प्ले एरर्स चालू ठेवा. लाइव्ह साइटवर मात्र डिस्प्ले बंद आणि लॉग चालू. पाहुण्यांना डेटाबेसची माहिती दाखवायची नाही, पण आपल्याला लॉगमध्ये ती हवीच. ॲरेत नसलेली की वाचली तर पीएचपी ७मध्ये नुसती ‘नोटीस’ यायची, पीएचपी ८मध्ये ‘वॉर्निंग’ येते. जुना कोड नव्या होस्टिंगवर टाकल्यावर लॉग अचानक भरला तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

पायरी ३ : व्हॅलिडेशन नेमकं कुठे अडतं?

इनपुटला ‘रिक्वायर्ड’ लावलं, पॅटर्न दिला, म्हणजे झालं असं वाटतं. पण ती तपासणी ब्राउझरमधली आहे, डेव्हलपर टूल्समधून कुणीही दोन सेकंदांत काढू शकतं. ती वापरणाऱ्याच्या सोयीसाठी. खरी तपासणी सर्व्हरवरच. पीएचपीचं फॉर्मशी नातं जुनं आहे. रॅस्मस लेरडॉर्फने तिची सुरुवात केली तेव्हाच्या एका रूपाचं नावच पीएचपी/एफआय होतं आणि त्यातलं एफआय म्हणजे ‘फॉर्म्स इंटरप्रिटर’.

सर्व्हरवर तपासताना हे खड्डे लक्षात ठेवा:

‘इसेट’ म्हणजे भरलेलं नव्हे. रिकामा मजकूर आला तरी इसेट ‘ट्रू’ देतं. आधी ‘ट्रिम’ करा, मग रिकाम्या स्ट्रिंगशी तिहेरी बरोबरच्या चिन्हाने तुलना करा.

‘एम्प्टी’ला शून्य चालत नाही. ‘घरात किती भावंडं?’ याला कुणी ० लिहिलं तर एम्प्टी म्हणतं रकाना रिकामा आहे आणि एकुलत्या एका मुलाचा फॉर्म कधीच पुढे जात नाही.

मोबाइल नंबर हा आकडा नाही, मजकूर आहे. त्याची बेरीज कुणी करत नाही. इंटिजर केलं तर सुरुवातीचं शून्य आणि अधिकचं चिन्ह उडतं. आधी स्पेस आणि डॅश काढा, सुरुवातीचं +९१ किंवा ० काढा, मग एकूण १० अंक आणि पहिला अंक ६ ते ९ असा नियम लावा. पिनकोडला ६ अंक, पहिला शून्य नको.

पायरी ४ : मराठी मजकुराच्या खास अडचणी

इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये हा भाग सापडत नाही.

लांबी. ‘गारखेडा’ हा शब्द आपल्या डोळ्यांना चार अक्षरी. युनिकोडमध्ये मात्र काना-मात्रा वेगळी मोजली जाते, म्हणून ‘एमबी-एसटीआर-लेन’ ७ सांगतं. आणि साधं ‘एसटीआर-लेन’ बाइट मोजतं, यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणून २१! ‘नाव ५० अक्षरांपर्यंत’ हा नियम एसटीआर-लेनने लावला तर मराठी नावाला सोळा चिन्हांतच कात्री लागते. त्यामुळे नेहमी एमबीवालं फंक्शन वापरा.

नावाचा पॅटर्न. इंग्रजी ए ते झेड एवढाच पॅटर्न असेल तर मराठी नाव चालणारच नाही. मग लोक ‘यू’ मॉडिफायर लावून ‘युनिकोड लेटर’ हा गट वापरतात. तरीही ‘रमा’ नापास होते! कारण ‘र’ आणि ‘म’ लेटर असले तरी काना ‘मार्क’ या गटात येतो. म्हणून लेटर आणि मार्क हे दोन्ही गट हवेत. आणि गोऱ्हे, कऱ्हाडे अशी आडनावं? काही कीबोर्ड हा अर्धा र लिहिताना मध्ये ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे न दिसणारं चिन्ह घालतात. ते लेटरही नाही आणि मार्कही नाही. पॅटर्नमध्ये ते वेगळं द्यावं लागतं. खरं सांगू? नावावर कडक पॅटर्न लावूच नका. रिकामं नाही ना आणि लांबी ठीक आहे ना, एवढं बघितलं तरी पुष्कळ झालं.

मराठी अंक. मराठी कीबोर्डवर कुणी ९८... असं टाइप केलं तर? ‘यू’ मॉडिफायर लावलेला ‘बॅकस्लॅश डी’ हे अंक मान्य करतो, पण पुढे इंटिजरमध्ये बदललं की ० मिळतं. म्हणजे तपासणी पास आणि डेटा चुकीचा. म्हणून तपासणीआधीच ०-९ हे मराठी अंक इंग्रजीत बदलून घ्या. यासाठी ‘एसटीआर-टीआर’ला बदलांचा ॲरे द्या. दोन स्ट्रिंग दिल्या तर ते फंक्शन बाइटगणिक बदल करतं आणि मजकुराचा चुरा होतो.

प्रश्नचिन्हं. सेव्ह केल्यावर नावाच्या जागी ???? दिसलं तर व्हॅलिडेशनला दोष देऊ नका. टेबलचा कॅरेक्टर सेट आणि डेटाबेस कनेक्शनचा कॅरेक्टर सेट, दोन्ही ‘यूटीएफ८एमबी४’ करा. फक्त टेबल बदलून भागत नाही.

पायरी ५ : सेव्ह झालं का, ते विचारा

आता माझ्या चुकीकडे येतो.

फॉर्ममध्ये जिल्ह्याची यादी होती आणि तिच्यातून इंग्रजी नाव सेव्ह व्हायचं. मी डेटाबेसमध्ये त्या रकान्याला व्हारकॅर २० दिलं होतं. जुनं नाव इंग्रजीत १० अक्षरी, तेव्हा २० म्हणजे दुप्पट, भरपूर वाटलं. मग २४ फेब्रुवारी २०२३ला शहराच्या नव्या नावाला केंद्राची मंजुरी मिळाली, सप्टेंबर २०२३मध्ये जिल्हा आणि विभागाचंही नाव बदललं. मी यादीतलं नाव बदललं आणि विसरून गेलो. ‘छत्रपती संभाजीनगर’ इंग्रजीत लिहिलं तर मधली जागा धरून २५ अक्षरं होतात.

जुन्या होस्टिंगवर मायएसक्यूएलचा ‘स्ट्रिक्ट मोड’ बंद होता. तिथे जादाची ५ अक्षरं मुकाट्याने कापली जायची. पहिली २० अक्षरं म्हणजे नेमकं ‘छत्रपती संभाजी’, फक्त ‘नगर’ गायब! यादीत ते अर्धवट नाव दिसत होतं, पण कुणी मनावर घेतलं नाही, मीही नाही. नव्या होस्टिंगवर स्ट्रिक्ट मोड चालू होता. मायएसक्यूएल ५.७पासून तो मुळातच चालू असतो. तिथे मजकूर कापला जात नाही, एरर १४०६ येते आणि अख्खी ओळच नाकारली जाते. बीडचा अर्ज जायचा, आमचा नाही, तो यामुळे.

पण रकाना लहान होता ही अर्धी चूक. मोठी चूक पुढे होती. मी क्वेरी चालवून, तिचं उत्तर न बघता, खालच्या ओळीत ‘धन्यवाद’ छापलं होतं. पीएचपी ८.१च्या आधी मायएसक्यूएलआय एरर आली तरी गप्प बसायचं, फक्त ‘फॉल्स’ परत द्यायचं. ते मी कधी विचारलंच नाही. म्हणून:

• पीडीओ असो की मायएसक्यूएलआय, एररवर ‘एक्सेप्शन’ येईल असं सेटिंग ठेवा.
• क्वेरीत मजकूर थेट जोडू नका, प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा. एसक्यूएल इंजेक्शन टळतं आणि नावात एकेरी अवतरणचिन्ह आलं तरी क्वेरी तुटत नाही.
• ओळ खरंच सेव्ह झाल्यावरच ‘धन्यवाद’ दाखवा आणि सोबत अर्ज क्रमांक द्या. ज्याच्या स्क्रीनशॉटमध्ये क्रमांक आहे, त्याचा अर्ज डेटाबेसमध्ये असलाच पाहिजे.
• सेव्ह झालं नाही तर स्पष्ट सांगा: ‘अर्ज जमा झाला नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ आणि एरर लॉगमध्ये लिहा.
• व्हॅलिडेशनमधली कमाल लांबी आणि डेटाबेसमधली लांबी सारखीच ठेवा.

पायरी ६ : वापरणाऱ्याचा विचार

एक रकाना चुकला म्हणून बाकीचे वीस पुसू नका. भरलेला मजकूर परत दाखवा, दाखवताना ‘एचटीएमएल-स्पेशल-कॅर्स’मधून काढा, नाहीतर कुणी त्यात स्क्रिप्ट घुसवेल. चुकीचा संदेश त्या रकान्याजवळच द्या आणि तो मराठीत द्या. ‘इनव्हॅलिड इनपुट’ म्हणण्यापेक्षा ‘मोबाइल नंबर १० अंकी हवा’ म्हणा. आणि सेव्ह झाल्यावर ३०३ने दुसऱ्या पानावर पाठवा, म्हणजे कुणी पान रिफ्रेश केलं तरी तोच अर्ज दोनदा जमा होत नाही.

थोडक्यात क्रम असा: डेटा पोहोचला का, एरर दिसते का, तपासणी कुठे अडते, मराठी मजकूर टिकतो का, ओळ सेव्ह झाली का, वापरणाऱ्याला खरं सांगितलं का. खालून वर जाऊ नका, वेळ वाया जातो.

त्या मुलीला पुढच्या महिन्यात एक जागा रिकामी झाल्यावर प्रवेश मिळाला. मधला महिना ती रोज कन्नडहून एसटीने ये-जा करत होती. मी तो रकाना व्हारकॅर १०० केला, त्याला एक मिनिट लागलं. तेव्हापासून कोणताही फॉर्म देण्याआधी मी स्वतः आपल्याच शहराचं पूर्ण नाव टाकून, मराठीत आणि इंग्रजीत, एकदा भरून बघतो आणि मग डेटाबेस उघडून ती ओळ डोळ्यांनी पाहतो. तुम्हीही तेवढं करा.