लॉकर ते ऑफिस

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, ओटावा नदीच्या काठी पेम्ब्रोक नावाचं गाव आहे. तिथल्या एका शाळेत २००३ साली जे घडलं, त्यातून पुढे 'सॅब्रिनाचा कायदा' झाला. तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांचं औषध कधी आणि कसं द्यायचं हे शाळेतल्या मोठ्या माणसांना यायलाच हवं, असं हा कायदा सांगतो. त्यामागचा घटनाक्रम प्रत्येक शिक्षकाने एकदा वाचावा.

सप्टेंबर २००३, शाळेचे पहिले दिवस

तेरा वर्षांची सॅब्रिना हायस्कूलमध्ये येते. दूध, शेंगदाणे आणि सोया यांची तिला तीव्र अ‍ॅलर्जी आहे, जोडीला दमाही आहे. यातलं काही लपवलेलं नाही. आणखी लहान असताना तिने आपल्या अ‍ॅलर्जीवर रेडिओसाठी कार्यक्रमही केला होता.

सोमवार, २९ सप्टेंबर, सकाळ

तिचं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लॉकरमध्ये आहे. दिसायला जाड पेनासारखं. वापरणं अवघड नाही: टोपी काढायची, मांडीच्या बाहेरच्या बाजूला घट्ट दाबायचं, काही सेकंद तसंच धरायचं. कपड्यांवरूनही चालतं. या औषधाने आक्रसलेल्या श्वासनलिका मोकळ्या होतात आणि खाली चाललेला रक्तदाब सावरतो.

दुपार, जेवणाची सुट्टी

ती कॅन्टीनमधून तळलेले बटाट्याचे काप घेते. तेल कसलं वापरतात याची चौकशी तिने आधीच केली आहे, पूर्वी खाऊन त्रासही झालेला नाही. पण त्याच कॅन्टीनमध्ये 'पुटीन' मिळतं, म्हणजे हेच काप, वर चीज आणि ग्रेव्ही. दोन्ही वाढायला चिमटा एकच. त्याला लागलेला चीजचा अंश तिच्या कापांवर येतो. उपासाच्या पदार्थांना वेगळा झारा ठेवणाऱ्या आपल्या घरांत ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. इथे मात्र त्या चिमट्यावर कुणाचंच लक्ष नाही.

जेवणानंतरचा तास

वर्गात तिला धाप लागते. दमाच असावा, असं तिला वाटतं. ती उठून ऑफिसकडे चालत जाते.

ज्या मुलाला अन्नाची तीव्र अ‍ॅलर्जी आहे, त्याला खाल्ल्यानंतर अचानक धाप लागली, तर अ‍ॅलर्जी धरूनच चालायचं, मग दमा असो वा नसो. दम्याच्या पंपाने श्वास थोडा मोकळा होईल, पण कोसळणारा रक्तदाब थांबणार नाही. अ‍ॅलर्जीची साधी गोळी अशा वेळी फार सावकाश काम करते. आधी अ‍ॅड्रेनलिन, लगेच अ‍ॅम्ब्युलन्सला फोन, बाकी सगळं नंतर. आणि मुलाला चालवायचं नाही. उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि मूल एका क्षणात कोसळू शकतं. त्याला आडवं करावं, धाप जास्त असेल तर बसवावं. मूल आहे तिथेच थांबतं, औषध धावत त्याच्याकडे येतं.

तेरा वर्षांच्या मुलीने हे सगळं ओळखावं, अशी अपेक्षा तिच्याकडून करता येत नाही. ती भोवतीच्या मोठ्यांकडूनच करायची.

पुढची काही मिनिटं

प्रकार लक्षात येताच एक शिक्षक लॉकरकडे धावतात. धावण्यात कसूर नाही. पण ती ऑफिसात, औषध लॉकरमध्ये. इंजेक्शन मिळेपर्यंत तिचं हृदय थांबलेलं असतं.

मंगळवार, ३० सप्टेंबर

सॅब्रिना जाते.

मे २००५

आमदार डेव्ह लेव्हॅक यांनी मांडलेलं विधेयक ओंटारिओच्या विधानसभेत एकमताने मंजूर होतं. तिच्या आईवडिलांनी त्यासाठी जिवाचं रान केलेलं असतं.

१ जानेवारी २००६

कायदा लागू होतो. तीव्र अ‍ॅलर्जीच्या प्रत्येक मुलासाठी लेखी आराखडा हवा. त्याचं औषध कुठे आहे, हे त्यात लिहिलेलं हवं. आणि मुलांशी रोज संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांना ठरावीक काळाने प्रशिक्षण हवं. २०१५ मध्ये त्याच प्रांतात दम्याच्या मुलांसाठी 'रायनचा कायदा' झाला. त्यामागच्या रायन नावाच्या मुलाचा पंप शाळेच्या ऑफिसात कुलूपबंद होता.

आज

ओंटारिओत राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं या कायद्यांच्या छायेत शाळेत जातात. आपल्याकडे २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राज्यांना पत्र पाठवलं: टाइप-१ मधुमेहाच्या मुलांना वर्गात साखर तपासू द्या, इन्शुलिन घेऊ द्या, गरज पडली तर तासातही खाऊ द्या. पण पत्र फायलीत राहिलं, तर ते लॉकरमधल्या औषधासारखंच. साखर उतरून घाम फुटलेल्या मुलाला लगेच ग्लुकोज द्यायचं, आणि ते बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवून १०८ लावायचा, हे त्या तासाच्या शिक्षकाला ठाऊक हवं. शिपायाला आणि बसमधल्या मावशींनाही हवं.

शाळा जूनमध्ये उघडतात. पालकांनो, पहिल्याच आठवड्यात शाळेत जाऊन तीन गोष्टी विचारा: माझ्या मुलाचं औषध कुठे आहे, ते कुणाला देता येतं, आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर दुसरं कोण? मुख्याध्यापकांनो, औषध मुलापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे एकदा घड्याळ लावून बघा. जास्त लागला, तर औषधाची जागा त्याच दिवशी बदला.