गोरेपणाची मलमे: धोका मूत्रपिंडाला, पळवाट कायद्यात

झाशी शहरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते. दुपारी घराबाहेर पडणाऱ्या स्त्रिया डोळ्यांखालचा सारा चेहरा ओढणीने झाकून घेतात. त्यामागे उन्हाच्या झळांइतकीच रंग काळवंडण्याची धास्तीही असते. युरोप-अमेरिकेत नेमक्या उलट हौसेपायी लोक पैसे मोजून अतिनील किरणांच्या दिव्यांखाली झोपतात. दोन्ही हौशींची किंमत शरीरच मोजते. कायद्याची वागणूक मात्र दोहोंच्या बाबतीत सारखी नाही.

कृत्रिम किरणांनी कांती सावळी करणाऱ्या यंत्राला ‘टॅनिंग बेड’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये त्याला माणसात निश्चितपणे कर्करोग घडविणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले. तंबाखूचा धूर याच गटात मोडतो. त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठी होणाऱ्या त्याच्या वापरावर बंदी घातली. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ पासून १८ वर्षांखालील व्यक्तींना ही सेवा देणे गुन्हा ठरले. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये २६ वर्षांच्या क्लेअर ऑलिव्हर हिने त्वचेच्या कर्करोगाने मृत्यू येण्यापूर्वी जाहीर आवाहन केले होते. त्यानंतर तेथील लोकमत बदलले आणि २०१५ च्या आरंभापासून बहुतेक राज्यांत हा व्यवसाय बंद झाला. यंत्र दुकानात उभे असते, निरीक्षकाला ते दिसते. मलमाची डबी पर्समध्ये मावते.

अकोल्यातील एका कुटुंबाचे प्रकरण २०२३ च्या आरंभी उजेडात आले. एक तरुणी, तिची आई आणि बहीण, तिघींनाही एकापाठोपाठ मूत्रपिंडाचा विकार जडला. एकाच घरात तिघींना तोच आजार कसा, या प्रश्नाचा माग घेताना स्थानिक ब्युटीशियनकडून घेतलेल्या गोरेपणाच्या मलमापर्यंत डॉक्टर पोहोचले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासणीत त्या मलमात पारा आढळला. तरुणीच्या रक्तातील पाऱ्याची पातळी ४६ होती. ती ७ पेक्षा कमी असणे अपेक्षित असते.

केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील अशाच एका मूत्रपिंडविकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी १५ जणांमध्ये ‘नेल-१’ या प्रथिनाशी निगडित प्रकार सापडला आणि या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचे मलम वापरल्याचे सांगितले.

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होण्यासाठी ‘टायरोसिनेज’ हे विकर लागते. पारा त्याचेच काम रोखतो, म्हणून काही आठवड्यांत चेहरा उजळल्यासारखा दिसतो. परंतु तो त्वचेतून रक्तात शिरतो आणि मूत्रपिंडात साचतो. तेथील गाळणीला इजा झाली की प्रथिने लघवीवाटे बाहेर पडू लागतात. लघवीला फेस येणे, पावलांवर आणि डोळ्यांभोवती सूज येणे ही त्याची लक्षणे होत. मलम वेळीच थांबविल्यास बरेच रुग्ण बरे होतात. मात्र पारा टॉवेल, उशी आणि हातांवाटे घरातील इतरांपर्यंत, विशेषतः लहान मुलांपर्यंत पोहोचू शकतो. शिवाय मेलॅनिन ही उन्हापासून रक्षण करणारी नैसर्गिक ढाल आहे. झाशीसारख्या शहरात ती क्षीण करणे म्हणजे दुहेरी नुकसान.

भारतात कायदा नाही असे नव्हे. सौंदर्यप्रसाधने १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत दहा लाख भागांमागे ७० भाग, तर इतर प्रसाधनांत नकळत आलेला जास्तीत जास्त एक भाग एवढाच पारा चालतो. परवान्याशिवाय विक्रीसाठी प्रसाधन बनविणे हा गुन्हा आहे. अडचण आहे ती घरगुती, बिननावाच्या डब्यांची आणि बाहेरून छुप्या मार्गाने येणाऱ्या मालाची. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता करारात भारत २०१८ मध्ये सामील झाला. या कराराच्या २०२३ च्या परिषदेने पारा मिसळलेली सर्व सौंदर्यप्रसाधने २०२५ पर्यंत बंद करण्याचे ठरविले.

स्टेरॉइडयुक्त मलमांची कथा निराळी आहे. ती औषधेच आहेत, परंतु बाहेरून लावायची म्हणून त्यांपैकी अनेक मलमे वर्षानुवर्षे चिठ्ठीवाचून मिळत. त्वचा पातळ होणे, चेहऱ्यावर केस वाढणे, मलम थांबवताच लाली उफाळणे अशा तक्रारी त्वचारोगतज्ज्ञांकडे वाढत गेल्या. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइडांना ही सवलत बंद केली. गोरेपणाच्या जाहिरातींना १९५४ च्या जादूटोणा उपाय व आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याखाली आणण्याचा मसुदा फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तो मसुदाच राहिला. नामांकित कंपनीने त्याच वर्षी आपल्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द वगळला खरा, पण नाव बदलल्याने मागणी बदलत नाही.

खरेदी करताना वेष्टनावर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी पाहावी. ‘कॅलोमेल’ किंवा ‘मर्क्युरस क्लोराइड’ असा उल्लेख, अथवा सोन्याचांदीच्या दागिन्यांना मलम लागू देऊ नये अशी सूचना असल्यास त्यात पारा असल्याचे समजावे. मलम वापरलेल्यांनी लघवीतील प्रथिनांची साधी तपासणी करून घ्यावी. संशयास्पद मलमाविषयीची तक्रार महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे, तर उत्तर प्रदेशात अन्न सुरक्षा व औषध प्रशासन विभागाकडे करता येते.